अण्णांची प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणजे नेमकं काय? (फुफ्फुसाचा कॅन्सर आणि इम्युनोथेरपी)

गोदातीर
११ ऑगस्ट २०२४, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ६७. नाशिक रोडला राहतात. पस्तीसेक वर्षं सिगारेट ओढली, २०१५ मध्ये आईच्या आजारपणात सोडली. गेल्या डिसेंबरपासून खोकला. जानेवारीत एक्स-रेमध्ये उजवीकडे वरच्या बाजूला डाग दिसला. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी "टीबीच असणार" म्हणून औषधं सुरू झाली. तीन महिने आम्ही ती इमानेइतबारे दिली. वजन वाढायचं सोडून सात किलो उतरलं. मे महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी काढायला लावला, मग सुईने बायोप्सी, मग पेट स्कॅन. अ‍ॅडिनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघाला, चौथी स्टेज. दुसऱ्या फुफ्फुसात आणि एका मणक्यात पसरलेला. वाया गेलेल्या त्या तीन महिन्यांचा हिशोब मी रोज रात्री मांडत बसते.

पुढचे रिपोर्ट असे: ईजीएफआर निगेटिव्ह, एएलके निगेटिव्ह (या दोन्ही जनुकांच्या तपासण्या), पीडी-एल१ ६५ टक्के. डॉक्टर म्हणाले, हा आकडा आपल्या बाजूचा आहे, केमोशिवाय नुसत्या इम्युनोथेरपीने सुरुवात करू. औषधाचं नाव पेम्ब्रोलिझुमॅब, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून.

आता घरातला पेच. आत्या रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेऊन येते. मामांनी "इम्युनिटी" लिहिलेले दोन डबे पाठवलेत. डॉक्टरांनी हे सगळं बंद करायला सांगितलं. यावर आत्याने मला एक प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झाले. ती म्हणाली, "अगं, औषधाचं नावच इम्युनोथेरपी. म्हणजे प्रतिकारशक्तीचंच औषध ना? मग गुळवेल त्याच्या मदतीलाच येईल, आड कशी येईल?"

कुणाला नीट समजावून सांगता येईल का? आत्या रागावू नये आणि अण्णांचं नुकसान होऊ नये, दोन्ही हवं आहे. पहिला डोस २० तारखेला आहे.

मुक्ता_इंदिरानगर
११ ऑगस्ट, रात्री १०:४१

ताई, धीर धरा. इथे स्लाइडवाली म्हणून एक पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर आहेत, त्या नक्की लिहितील. तोवर काढा बंदच ठेवा.

अभय_सातपूर
१२ ऑगस्ट, सकाळी ७:०५

काकांना सांगा, मन खंबीर ठेवा. मन खंबीर असलं की प्रतिकारशक्ती आपोआप वाढते आणि कॅन्सर हरतो. माझ्या पाहण्यात अशी माणसं आहेत.

स्लाइडवाली
१२ ऑगस्ट, रात्री ११:१५

गोदातीर, तुमच्या आत्याबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. सविस्तर लिहिते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली असे तुकडे बघते, म्हणून तिथूनच सुरू करते. सुईने काढलेला फुफ्फुसाचा तुकडा म्हणजे शेवयाचा बोटभरही नसलेला तुटका धागा. तो मेणात बसवतो, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्याचे पापुद्रे कापून काचेवर घेतो आणि रंगवतो. कॅन्सरच्या पेशी मोठ्या, वेड्यावाकड्या दिसतात. त्यांच्या आसपास मोहरीच्या दाण्यांसारखे गडद निळे ठिपके असतात. ते लिम्फोसाइट, म्हणजे आपल्या शरीराचा बंदोबस्त. काही गाठींत हे दाणे आतपर्यंत शिरलेले असतात. काहींत गाठीच्या वेशीवर रांग लावून थांबलेले दिसतात, आत पाऊल नाही. आणि काही गाठींत शोधूनही सापडत नाहीत. ऑपरेशन करून काढलेल्या गाठींवर जगभर काम झालं आहे. ज्यांच्या गाठीत मारेकरी टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) आत शिरलेल्या असतात, ते रुग्ण सरासरीने जास्त जगतात. औषध काहीही दिलेलं असो वा नसो. कॅन्सरच्या निकालात प्रतिकारशक्तीचा हात असतो म्हणतात, तो असा काचेवर डोळ्यांना दिसतो.

आता मला वर्षानुवर्षं पडलेलं कोडं. दाणे आत शिरलेत, कॅन्सरच्या पेशीला खेटून उभे आहेत, तरी मारत का नाहीत?

सिंहस्थातला बंदोबस्त आठवा. बाहेरगावाहून आलेला पोलीस, त्याला पंचवटीतला माणूस कोण आणि खिसेकापू कोण हे चेहऱ्यावरून कळत नाही. समोरच्याने पास दाखवला की तो जाऊ देतो. आपल्या निरोगी पेशींकडेही असा पास असतो, कारण तो नसता तर टी-पेशी आपलंच शरीर फोडून काढत्या. त्या पासाचं नाव पीडी-एल१. टी-पेशीवरच्या ज्या डोळ्याने तो वाचला जातो तो पीडी-१, जपानमध्ये क्योटोला तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडला. कॅन्सरची पेशी काय करते? तोच पास छापून घेते आणि छातीवर लावून उभी राहते. पोलीस येतो, पास वाचतो, पुढे जातो. बरेच दिवस असं चाललं की पोलीस थकूनही जातो.

पेम्ब्रोलिझुमॅब पोलिसांची संख्या वाढवत नाही आणि त्यांच्या हातात मोठी लाठीही देत नाही. ते पास वाचणारा डोळा झाकतं. मग पोलीस पासाकडे न बघता माणसाकडे बघतो. आत्याबाईंना माझं उत्तर इतकंच: समजा गुळवेलीने पोलीस दुप्पट झाले, तरी समोरच्याच्या छातीवर पास असेल तर दुप्पट पोलीसही सोडूनच देणार. अण्णांच्या शरीरात पोलीस कमी पडले म्हणून कॅन्सर झालेला नाही. पोलीस आहेत, फसवले गेले आहेत. "प्रतिकारशक्ती वाढवा" हा शब्दप्रयोगच आपल्याला चुकीच्या रस्त्याने नेतो, आणि करोनानंतर तर तो प्रत्येक डब्यावर छापला जातो. मला त्याचा मनापासून त्रास होतो, कारण मी त्याची किंमत रिपोर्टांत बघते.

६५ टक्के म्हणजे काय तेही सांगते. पीडी-एल१ साठी आम्ही वेगळा रंग देतो. पास लावलेल्या पेशीच्या कडेने तपकिरी चौकट उमटते, लाकडी खिडकीसारखी. निदान शंभर जिवंत कॅन्सरपेशी मोजायला मिळाल्या पाहिजेत, आणि त्यांतल्या शेकडा किती पेशींना चौकट आहे तो आकडा लिहायचा. ५० किंवा वर असेल तर नुसत्या इम्युनोथेरपीने सुरुवात करता येते. याचा पाया २०१६ साली प्रसिद्ध झालेली चाचणी. ३०५ रुग्ण, सगळ्यांचा पीडी-एल१ ५० च्या वर, ईजीएफआर आणि एएलके निगेटिव्ह, म्हणजे अण्णांसारखेच. निम्म्यांना पेम्ब्रोलिझुमॅब, निम्म्यांना केमो. पाच वर्षांनी पहिल्या गटातले साधारण ३२ टक्के जिवंत होते, केमोच्या गटातले १६ टक्के. आणि केमोवाल्यांतल्या पुष्कळांना पुढे हेच औषध मिळालं होतं, तरीही हा फरक उरला. चौथ्या स्टेजच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षांनी तीनातला एक जण जिवंत, हे माझ्या शिक्षणाच्या काळात कुणी बोललं असतं तर आम्ही विश्वास ठेवला नसता. होंजो आणि अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं ते टी-पेशींना रोखणाऱ्या अशा ब्रेकांच्या शोधासाठी.

पण तिघांतले दोघे राहिले नाहीत हेही त्याच आकड्यात आहे. तेव्हा आशा ठेवा, हमी मागू नका.

अभय, तुमचा हेतू चांगला आहे, पण एक विनंती. मन खंबीर असलेलं केव्हाही बरं, त्याने माणूस जेवतो, औषध घेतो, तपासणीला जातो. मात्र "मन खंबीर असलं की कॅन्सर हरतो" म्हटलं की ज्याचा हरला नाही त्याचं मन कच्चं होतं असा अर्थ निघतो. मी अतिशय कणखर माणसांचे वाईट रिपोर्ट स्वतःच्या हाताने सही करून दिले आहेत.

अभय_सातपूर
१३ ऑगस्ट, सकाळी ६:५०

डॉक्टर, पटलं. या बाजूने विचार केला नव्हता. गोदातीर ताई, काही लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझी गाडी आहे, दवाखान्यात ने-आण करू शकतो.

सिन्नरकर
१३ ऑगस्ट, दुपारी १:३०

माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहितो. आई ६१ वर्षांची. तरुणपणी घरी बसून विड्या वळायची, सिन्नरला तेव्हा घरोघर हेच काम. सूप मांडीवर, पानं कापायची छोटी कात्री, बोटं कायम तंबाखूने पिवळी. पण स्वतः एकही विडी ओढली नाही. गेल्या वर्षी तिला फुफ्फुसाचाच कॅन्सर निघाला. ईजीएफआर पॉझिटिव्ह, आणि पीडी-एल१ तब्बल ८० टक्के.

मी इंटरनेटवर वाचून डॉक्टरांकडे हट्ट धरला की ८० टक्के आहे, इम्युनोथेरपी द्या, जमिनीचा तुकडा विकतो. त्यांनी साफ नकार दिला आणि ओसिमर्टिनिबच्या (ईजीएफआरवरच्या) गोळ्या लिहिल्या. मी तेव्हा चिडलो होतो. वाटलं, आम्ही खेड्यातले म्हणून भारी औषध देत नाहीत. आज चौदा महिने झाले, आई गोळीवर आहे, गेल्या आठवड्यात वटाणा सोलत बसली होती. पण नकार का दिला हे मला अजून नीट कळलेलं नाही. ८० हा तर ६५ पेक्षा मोठा आकडा ना?

स्लाइडवाली
१३ ऑगस्ट, रात्री १०:०५

सिन्नरकर, तुमच्या डॉक्टरांनी तुमची जमीन आणि आईचे महिने, दोन्ही वाचवले.

ईजीएफआरच्या कॅन्सरमध्ये सगळा कारभार एका बिघडलेल्या बटणावर चालतो. ते बटण कायम चालू राहतं, म्हणून पेशी वाढत सुटते, आणि पासही त्याच बटणाच्या हुकमाने छापला जातो. तो पोलिसांना चुकवायला छापलेला नसतो, कारण तिथे मुळात पोलीसच फारसे आलेले नसतात. सिगारेटने झालेल्या कॅन्सरमध्ये पेशीच्या जनुकांत असंख्य बिघाड असतात, त्यामुळे ती टी-पेशीला परकी दिसते. तिथे डोळा झाकला की पोलिसाला धरायला काहीतरी असतं. तुमच्या आईच्या गाठीत बिघाड मोजकेच, पेशी आपल्यातलीच दिसते. पासाचा आकडा ८० असो की १००, रस्त्यावर पोलीस नसेल तर डोळा झाकून काय होणार?

हे करूनही पाहिलं गेलं आहे. अमेरिकेत ईजीएफआर पॉझिटिव्ह आणि पीडी-एल१ असलेल्या रुग्णांना सुरुवातीलाच पेम्ब्रोलिझुमॅब देण्याची एक छोटी चाचणी होती. ११ रुग्णांनंतर ती थांबवावी लागली. एकाच रुग्णाची गाठ आकसली, आणि तपासणी परत केली तेव्हा त्याचा ईजीएफआरचा रिपोर्टच चुकीचा होता असं निघालं. शिवाय आधी इम्युनोथेरपी देऊन लगेच मागून ओसिमर्टिनिब दिलं तर फुफ्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. म्हणजे क्रम चुकला तर चांगलं औषधही अंगावर येतं.

आपल्याकडे अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शात ईजीएफआर पॉझिटिव्ह येतो, युरोप-अमेरिकेपेक्षा बराच जास्त. म्हणून जनुकांचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय इम्युनोथेरपीची घाई करू नये. दोन आठवडे लागतात, ते जड जातात, पण थांबावं. आणि एक कामाची गोष्ट: जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिब आणि ड्युरव्हालुमॅब (हेही इम्युनोथेरपीचंच औषध) या दोन्हींवरचं आयात शुल्क काढलं आहे. दुकानदाराला नव्या किमतीबद्दल विचारा.

सिन्नरकर
१३ ऑगस्ट, रात्री १०:२२

डॉक्टर, उद्या त्या डॉक्टरांना फोन करून आभार मानतो. वर्षभर मनात अढी होती.

वैद्यबाई
१४ ऑगस्ट, दुपारी ३:४०

मी आयुर्वेदाची वैद्य, गंगापूर रोडला माझी वीस वर्षांची प्रॅक्टिस आहे. गुळवेलीचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या शास्त्राच्या बाजूने लिहिते, विरोधात नाही.

आमच्याकडे शब्द आहे व्याधिक्षमत्व. चरकसंहितेवरच्या टीकेत, म्हणजे भाष्यात, चक्रपाणिदत्ताने त्याचे दोन अर्थ दिलेत: झालेल्या व्याधीच्या बळाला विरोध करणं, आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणं. त्यात "सगळ्यांनी रोज सकाळी एक ग्लास" असं कुठेही नाही. रसायन द्रव्य, म्हणजे बल वाढवणारं औषध, कुणाला, कधी, किती, कोणत्या अग्नीवर (पचनशक्तीवर), याचा विचार केल्याशिवाय ते रसायन ठरत नाही. माझ्याकडे इम्युनोथेरपीवरचा रुग्ण आला तर मी गुळवेल देत नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले, आणि त्या इजेचं स्वरूप शरीराने स्वतःच्याच यकृतावर हल्ला करण्यासारखं होतं. ती खरी गुळवेल की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, यावर तेव्हा मोठा वाद झाला. तो वाद असू दे. आत्याबाई जी वेल आणतात ती कोणती हे मीसुद्धा फोटोवरून छातीठोक सांगू शकणार नाही.

आणि या औषधाने स्वतःच यकृताला सूज येऊ शकते. उद्या अण्णांचे एन्झाइम वाढले तर दोष औषधाचा की काढ्याचा, हे कोण ठरवणार? डॉक्टर बिचारे लाख मोलाचं औषध थांबवतील.

आत्याबाईंची माया वाया जाऊ देऊ नका. त्यांना सांगा, काढ्याऐवजी मुगाची मऊ खिचडी तूप घालून, नाचणीची पेज, अंडं चालत असेल तर रोज दोन. सात किलो उतरलंय, ते अंगावर आणणं हे आत्ताचं खरं बल. या कामाला आत्यासारखं दुसरं माणूस मिळणार नाही.

गोदातीर
१४ ऑगस्ट, रात्री ९:१०

वैद्यबाई, तुमचा प्रतिसाद मी आत्याला मोठ्याने वाचून दाखवला. आधी गप्प बसली. मग म्हणाली, "नाचणी आहे का घरात?" झालं काम. स्लाइडवाली, बंदोबस्ताची गोष्ट अण्णांनी दोनदा सांगायला लावली.

एक गोष्ट विचारायची राहिली. अण्णांना धाप लागते म्हणून घराजवळच्या डॉक्टरांनी महिनाभरापासून रोज एक पांढरी गोळी दिली आहे, प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम. त्याने भूक लागते, बरं वाटतं. ती चालू ठेवू ना?

स्लाइडवाली
१४ ऑगस्ट, रात्री ९:२५

ही गोष्ट उद्या सकाळीच कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करून सांगा. पहिल्या डोसपर्यंत थांबू नका. आणि स्वतःहून एकदम बंदही करू नका, महिनाभर घेतलेलं स्टेरॉइड अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो.

कारण असं. स्टेरॉइड टी-पेशींना झोपवतं. इम्युनोथेरपी सुरू होताना रोजचा डोस प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर निकाल कमजोर येतात असं बऱ्याच पाहण्यांत दिसलं. त्यात एक मेख आहे, स्टेरॉइड लागणारे रुग्ण मुळातच जास्त आजारी असतात, त्यामुळे सगळा दोष गोळीचा म्हणता येत नाही. तरी डॉक्टर शक्यतो ते उतरवून मगच सुरुवात करतात. धापेसाठी इनहेलर वेगळा, त्याची भीती नको.

अँटिबायोटिकचंही तसंच. आतड्यातल्या जिवाणूंचा या औषधाच्या परिणामाशी संबंध आहे असं फ्रान्सच्या संशोधकांनी २०१८ च्या सुरुवातीला फुफ्फुस आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांत दाखवलं. प्रत्येक सर्दीला गोळ्यांची पट्टी नको. खरा न्यूमोनिया झाला तर मात्र घ्यायचंच.

टीबीचाही इतिहास सांगा. आपल्या देशात जगातले साधारण चौथा हिस्सा टीबीचे रुग्ण आहेत, म्हणून छातीतला डाग बघून पहिला संशय तिकडे जातो. थुंकी निगेटिव्ह असताना आणि औषधाने फरक पडत नसताना महिनाभरात सीटी व्हायलाच हवा होता, हे मात्र खरं. पण इथे मुद्दा वेगळा: शरीरात दबून राहिलेला टीबी या औषधाने उफाळू शकतो. डॉक्टरांना माहीत असलेलं बरं. आणि ते तीन महिने, ताई, तुमच्या हातून वाया गेलेले नाहीत. तुम्ही सांगितलेलं औषध दिलंत.

बागायतदार_निफाड
१५ ऑगस्ट, रात्री ८:००

आज सुट्टी, म्हणून निवांत लिहितो. हे प्रत्येकाने वाचावं असं मला वाटतं.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, ५८ वर्षांचे. २०२२ मध्ये तिसरी स्टेज निघाली. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. केमो आणि सोबत शेकाच्या (रेडिएशनच्या) ३० सिटिंग. त्यानंतर वर्षभर ड्युरव्हालुमॅब घ्यायचं ठरलं. चार डोस उत्तम गेले. दादा बागेत यायला लागले.

फेब्रुवारीत आमचा माल काढायला आला होता. दादा खुडणीवर उभे होते, कॅरेट उचलत नव्हते, नुसते उभे. दुपारी म्हणाले दम लागतो. कोरडा खोकला, ताप नाही. गावातल्या डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हणून इंजेक्शनं दिली, वाफ दिली. दादा इम्युनोथेरपीवर आहेत हे आम्ही त्यांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं? कारण आमच्या डोक्यात ते "कॅन्सरचं औषध" होतं आणि हा "छातीचा कफ" होता. दोन्ही वेगळे वाटले. आठ दिवस गेले. नवव्या रात्री ओठ निळे दिसले, बोटाला यंत्र लावलं तर ८६. माल तसाच सोडून नाशिक गाठलं.

सीटीत दोन्ही फुफ्फुसांवर काचेवर धुकं धरावं तसं पांढरं. डॉक्टर म्हणाले, जंतू नाहीत, दादांच्याच पेशी फुफ्फुसावर चालून आल्यात. शेकाचाही त्यात वाटा असू शकतो. मोठ्या डोसने स्टेरॉइड सुरू केलं. तिसऱ्या दिवशी लावलेला ऑक्सिजन कमी करता आला, बाराव्या दिवशी घरी आलो. गोळ्या हळूहळू उतरवत दोन महिने चालल्या. ड्युरव्हालुमॅब कायमचं बंद.

दादा आज आहेत. स्कॅन स्वच्छ आहे. जिना चढताना मध्ये थांबतात. पहिल्या दिवशी तोंड उघडून सांगितलं असतं तर ते आठ दिवस वाचले असते, हे माझ्या मनातून जात नाही. म्हणून आता दादांच्या पाकिटात कार्ड आहे: इम्युनोथेरपी घेतली आहे, औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, डॉक्टरांचा नंबर. औषध बंद होऊन महिने झाले तरी त्रास उद्भवू शकतो, म्हणून कार्ड अजून आहे.

ताई, अण्णांना दम, नवा खोकला, दिवसातून चार-पाच वेळा जुलाब, डोळे पिवळे, छातीत धडधड, अंगावर चट्टे, खूप तहान-लघवी, यातलं काहीही झालं तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन. रात्र असली तरी.

स्लाइडवाली
१५ ऑगस्ट, रात्री ८:४०

बागायतदार दादा, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून दवाखान्यांत लावायला हवी. पास वाचायचा बंद केला की पोलीस कधीकधी गावकऱ्यांनाही धरतो, ते हे. फुफ्फुस, आतडं, यकृत, थायरॉइड, त्वचा, क्वचित हृदय. अशा वेळी दिलेल्या स्टेरॉइडने कॅन्सरवरचा परिणाम पुसला जातो अशी भीती बाळगू नये, ते जीव वाचवतं.

चारच डोस मिळाले म्हणून हळहळू नका. तुमच्या दादांच्या उपचाराची जी मूळ चाचणी होती, तिच्यात पाच वर्षांनी ड्युरव्हालुमॅबच्या गटातले ४३ टक्के जिवंत होते, नुसत्या केमो-शेकाच्या गटातले ३३. त्यात मध्येच औषध सोडावं लागलेलेही धरलेले आहेत.

पंचवटी_पासधारक
१६ ऑगस्ट, सकाळी ६:३०

खर्चाचं कुणी लिहिलं नाही म्हणून गाडीतून लिहितो. डोस लाखांच्या घरात जातो. सप्टेंबर २०२१ मध्ये जीएसटी परिषदेने कीट्रुडावरचा (पेम्ब्रोलिझुमॅबचं बाजारातलं नाव) कर १२ वरून ५ टक्के केला, तेवढाच दिलासा. कंपन्यांच्या रुग्णसहाय्य योजना असतात, काही डोस घेतल्यावर पुढचे सवलतीत मिळतात. डॉक्टरांच्या सोशल वर्करला पहिल्याच दिवशी विचारा, नंतर विचारलं तर घेतलेले डोस धरत नाहीत असं आमच्या बाबतीत झालं.

दुसरं मत हवं असेल तर परळला टाटा. सकाळची पंचवटी पकडून दादरला उतरा, संध्याकाळी परत. राहायचं झालं तर दादरला गाडगे महाराज धर्मशाळा. नुसता रिपोर्ट नेऊ नका, ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही लॅबमधून मागून घ्या.

टाटाच्याच डॉक्टरांनी निव्होलुमॅब (याच जातीचं औषध) अगदी कमी डोसमध्ये, २४० ऐवजी २० मिलिग्रॅम, देऊन पाहिलं आहे. वर्षभराने जिवंत राहिलेले १६ टक्क्यांवरून ४३ वर गेले असं वाचलं. मग अण्णांना कमी डोस का नको?

स्लाइडवाली
१६ ऑगस्ट, दुपारी २:१५

आकडे बरोबर आहेत, पण ती चाचणी तोंड आणि घशाच्या कॅन्सरची होती, आणि निव्होलुमॅब तिथे तोंडी केमोच्या गोळ्यांना जोडून दिलं होतं. ज्यांना पूर्ण डोस कधीच परवडणार नाही अशांसाठी तो मोठा दिलासा आहे, आणि आपल्या देशात तो प्रश्न विचारला गेला याचा मला अभिमान आहे. फुफ्फुसासाठी तेवढा भक्कम पुरावा हातात येईपर्यंत, परवडत असेल तर पूर्ण डोस. परवडत नसेल तर हा पर्याय डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावा. लाज वाटू देऊ नये.

गोदातीर
२३ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:५०

उशिरा लिहिते, क्षमा असावी. स्टेरॉइड आठवड्याभरात उतरवून १० च्या खाली आणलं, मग २० ऑगस्टला पहिला डोस झाला. काल चौथा झाला. त्याआधी स्कॅन केला. उजवीकडची गाठ ५.२ सेंटिमीटरची ३.१ झाली. मणक्यातली तेवढीच आहे. दुसऱ्या फुफ्फुसातल्या दोन गाठींपैकी एक दिसत नाही.

रिपोर्ट घेताना माझे हात थरथरत होते. अण्णांनी मला विचारलं, "पोलिसांनी धरलं का गं?" मी हो म्हटलं.

बागायतदार_निफाड
२३ ऑक्टोबर, रात्री १०:०२

फार बरं वाटलं ताई. कार्ड केलंत का?

गोदातीर
२३ ऑक्टोबर, रात्री १०:०५

केलं दादा. एक अण्णांच्या खिशात, एक आत्याच्या पर्समध्ये.

गोदातीर
१ डिसेंबर २०२४, संध्याकाळी ६:३०

नवीन बातमी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अण्णांना धडधड आणि घाम, मग दोन आठवड्यांत एकदम उलट. दिवसभर झोप, थंडी, चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. आत्या म्हणाली थंडीमुळे असेल, पण तिनेच पर्समधलं कार्ड काढून डॉक्टरांना फोन लावला. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच ३८ आलं, म्हणजे खूपच जास्त. थायरॉइडवर पोलीस गेले होते. आता रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी, बहुधा जन्मभर. औषध थांबवावं लागलं नाही, परवाचा डोस ठरल्याप्रमाणे आहे.

निशिगंध_मनमाड
१ डिसेंबर, रात्री ९:१५

हा धागा शोधत आले. आईचा कालच रिपोर्ट आला. अ‍ॅडिनोकार्सिनोमा, सगळी जनुकं निगेटिव्ह, आणि पीडी-एल१ शून्य. म्हणजे आमच्यासाठी हा रस्ता बंद झाला का? रात्रभर झोपले नाही.

स्लाइडवाली
१ डिसेंबर, रात्री ९:३२

बंद नाही. शून्य आला की नुसती इम्युनोथेरपी देत नाहीत, केमोसोबत देतात. २०१८ सालच्या मोठ्या चाचणीत पीडी-एल१ नसलेल्या रुग्णांनाही केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब दिल्याने नुसत्या केमोपेक्षा जास्त आयुष्य मिळालं. केमोने फुटलेल्या पेशींतून पोलिसांना नवे पुरावे मिळतात असं मानतात. शिवाय सुईचा तुकडा इवलासा, एका जागी शून्य म्हणजे सगळ्या गाठीत शून्य असं नसतं. रिपोर्टमध्ये किती पेशी मोजल्या ते लिहिलंय का बघा. आईंना दम, टीबी, संधिवात, सोरायसिस असं काही आहे का? स्टेरॉइड चालू आहे का? उद्या लिहा, आता झोपा.

गोदातीर
१ डिसेंबर, रात्री ९:४०

निशिगंध, तुम्हाला व्यनि केला आहे. आत्याने नाचणीच्या पेजेचं प्रमाण सांगितलंय, तेही लिहिलंय त्यात.